बिडकीनच्या तळ्यातला हिरवा

मी तळ्यातला हिरवा बोलतोय. इकडंतिकडं बघू नका, सापडायचो नाही. सुईच्या टोकावर माझं अख्खं गाव मावतं. पण आम्ही भाऊबंद एकत्र जमलो, की संघपालच्या शेततळ्याचं पाणी पालकाच्या भाजीसारखं दिसतं आणि बघणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. मला त्यात लई मजा येते.

वयानं मी तुम्हा सगळ्यांचा थोरला. वेरूळचा कातळ अजून रश्शासारखा उकळायचा होता, तेव्हाच आमच्या घराण्यानं हवेत तुमच्यासाठी श्वास भरून ठेवला होता. आजही माझे समुद्रातले चुलते तेच काम करतात. तुमच्या दोन श्वासांतला जवळजवळ एक त्यांच्या घरचा. आणि तुम्ही? "शी, शेवाळ" म्हणता, नाक धरता. धरा की. किती वेळ धरता तेच बघायचंय.

शिक्षण मात्र माझं अर्धवट. संघपालची बायको विशाखा, तिची भाची मोनिका शहरात पुंडलिकनगरला राहून कॉलेज करते. सुट्टीत ती सूक्ष्मदर्शक घेऊन बांधावर बसली आणि तळ्याचा एक थेंब काचेवर घेतला. त्यात मी. मावशीला सांगू लागली, की हा उन्हात ऑक्सिजन सोडतो आणि ऊन नसलं की पाण्यातला ऑक्सिजन स्वतःच ओढतो. थंडीत काचेसारखं कवच असलेले याचे भाऊबंद वरचढ असतात, उष्मा वाढला की हा. याच्या अंगात हवेचे फुगे असतात, म्हणून वर तरंगून सगळं ऊन हाच खातो आणि खालच्यांना उपाशी ठेवतो. हा दाट होऊन मेला, तर... तेवढ्यात तिचा फोन वाजला. काच पाण्यात धुतली गेली, मी तळ्यात परत. तिथंच माझी शाळा सुटली.

संघपालनं कंपनीतली नोकरी सोडून मोसंबीच्या बागेतल्या या तळ्यात रोहू आणि कटला मासे सोडले होते. त्याच्या बापाला, कडुबाला, ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. पाण्यात काय पिकतंय ते दिसत नाही, आणि दिसत नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्यामुळं हे पहिलं पीक संघपालच्या मानेवर बसलं होतं. मासे जगले तर घरात वर मान करून जेवायचं, मेले तर पुन्हा कंपनीच्या दारात.

मासे वाढायचे तर पाणी हिरवं हवं, पण बेतानं. त्याची परीक्षा हातानं करतात. हात कोपरापर्यंत बुडवायचा. तळवा तिथं दिसेनासा झाला, तर बरोबर. दिसत राहिला, तर शेणाची पाटी टाकायची. मनगटालाच गडप झाला, तर शेण बंद.

आता माझी खोडी ऐका. वारं यायचं पश्चिमेकडून, आणि मोटार पश्चिमेच्याच कोपऱ्यात. संघपाल मोटार चालू करायला यायचा आणि तिथंच हात बुडवायचा. वाऱ्यानं मला कधीच पलीकडं लोटलेलं असायचं. त्याला तळवा आरशात दिसावा तसा स्वच्छ दिसायचा, की पडली शेणाची पाटी. मी पूर्वेच्या कोपऱ्यात बसून तेच शेण जेवायचो. विशाखा त्याच बाजूला गवत कापायची. तिनं हात घातला तर मनगटापाशीच गडप. तिनं नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला तुझा हातच आखूड. ती म्हणाली, तुमचा लांब असंल, पण जातो एकाच जागी. दोघंही खरं बोलत होते, आणि मी फुगत होतो.

मग भाद्रपदात आभाळ आलं आणि हललंच नाही. पाऊस नाही, ऊन नाही, वारंही पडलं. मला लोटणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सगळ्या तळ्यावर गोधडीसारखा पसरलो. पण ऊन नसल्यानं द्यायला माझ्याकडं काही उरलं नाही. आम्ही इतके दाटलो होतो, की पाण्यातला ऑक्सिजन आम्हीच ओढून संपवत होतो. सकाळी मासे वर आले. तोंडं उघडी, डोळे फाटलेले. पहिला कटला पांढरं पोट वर करून माझ्या शेजारी तरंगला. माझं हसू तिथंच थांबलं.

संघपालनं हात घातला. बोटंसुद्धा दिसली नाहीत.

कडुबा धावत गोठ्यात गेला आणि मोरचूदाची पिशवी घेऊन आला. मोसंबीच्या खोडांना चुन्यात कालवून लावतात ते निळं विष. गुरांच्या हौदातलं शेवाळ त्यानं यानंच घालवलं होतं. "सोड बाजूला, दुपारपर्यंत पाणी पांढरं करतो," तो म्हणाला. मी थिजलो. एवढा जुना मी, डोंगर झिजताना पाहिलेला, आणि माझा जीव त्या पिशवीच्या गाठीत अडकला होता. गाठ सुटत आली, तेवढ्यात विशाखानं पिशवी ओढून खाली ठेवली आणि तिच्यावर बसली.

"ऊठ सूनबाई. मासे चाललेत."

"नाय उठत, मामा. हौदात मासे नव्हते. हे सगळं हिरवं एकदम मेलं, तर जाईल कुठं? इथंच कुजंल, आन उरलासुरला ऑक्सिजन बी खाईल. मोनिका हेच सांगत व्हती."

फोन वाजला म्हणून माझा राहिलेला धडा मला तेव्हा कळला. मी मेलो, तर मासेही जाणार होते.

कडुबानं पोराकडं पाहिलं. संघपाल ओल्या हाताकडं बघत होता.

"मी रोज एकाच कोपऱ्यात हात घातला, आबा," तो म्हणाला. "ती सांगत होती. पिशवी राहू द्या."

मोटार चालवून तळ्याचं पाणी तळ्यातच उंचावरून पाडलं, तर ते हवा घेऊन खाली येणार होतं. पण लाईट नव्हती. शेजारचा फारूख ट्रॉलीत डिझेल इंजिन टाकून आला. हँडल मारलं, इंजिन खोकलं आणि बंद. पुन्हा मारलं, पुन्हा बंद. तोवर आणखी पांढरी पोटं वर आली. फारूख इंजिनाशी बोलू लागला, "चल मेरे बाप, आज नखरे नको करू." शेवटी ते धडधडलं. पाणी उंच उडून आदळलं, माझी गोधडी फाटली, आणि मासे वळून त्या धारेखाली गर्दी करू लागले.

मग विशाखानं जुनी साडी काढली. एक टोक तिच्याकडं, एक कडुबाकडं. सासरा-सून बांधावरून साडी ओढत निघाले, आणि मी भाऊबंदांसकट पूर्वेच्या कोपऱ्यात गोळा झालो. माझ्याच लाडक्या कोपऱ्यात मी धरला गेलो. घमेल्यानं उपसून त्यांनी मला मोसंबीच्या आळ्यांत टाकलं. मेलेले मासे कडुबानं स्वतः वेचले, आणि त्या दिवशी कुणाला काही ऐकवलं नाही. पण जगले ते जास्त.

आता मी मोसंबीच्या बुडाशी पापडासारखा वाळत पडलोय. तळ्यात माझे थोडे भाऊबंद राहिलेत, माशांना तेवढेच लागतात. संघपाल आता चारी कोपऱ्यांत हात बुडवतो. कडुबा मागं उभा राहून विचारतो, "दिसतो का रं?"

लेकरांनो, मला शिव्या द्या, पण मुळासकट मारू नका आणि पोट फुटेस्तोवर जेवूही घालू नका. वाळलो म्हणून मला मेलेला समजू नका. आज दुपारपासून आभाळ उघडलंय आणि मोसंबीची पानं हलायला लागलीत. वारं माझ्या ओळखीचं आहे, आणि तळं इथून चार पावलांवर.