सलोनीचे केस आणि वरणाचं पाणी

बोरी अरबच्या सलोनीचा साखरपुडा वीस दिवसांवर आला होता आणि तिच्या केसांचा पार झाडू झाला होता. झाडू हा शब्द दारव्ह्याच्या पार्लरवाल्या बबिताचा. साखरपुड्याला सलोनीला तयार करायचं काम तिच्याकडेच होतं. तिने वेणी सोडली, केसांत बोटं घातली, ती अर्ध्यातच अडकली.

"हे नाही जमत वो. त्या दिवशी खांद्यापर्यंत कापून टाकू," बबिता म्हणाली.

सलोनीचे केस कमरेखाली जायचे. लहानपणापासून सारं गाव तिला केसवाली पोरगी म्हणूनच ओळखत होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही स्वतःत तेवढंच एक मनापासून आवडत होतं. ते कापायचे म्हटल्यावर तिला रडूच फुटलं.

"मले हे वीस दिवस द्या," ती डोळे पुसत म्हणाली. "तवाही असेच राह्यले, त कापा."

घरी येऊन ती हात धुऊन केसांच्या मागे लागली. मोबाइलवर जे जे दिसलं ते ते डोक्यावर. कांद्याचा रस झाला, दही झालं, अंडं झालं. अंड्याच्या दिवशी तिची थोरली काकू मैनाबाई, म्हणजे घरातल्या पोरांची मोठी आई, तिला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देईना. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस लावला, तर तो धुता धुता जीव मेटाकुटीला आला. शाम्पूला फेस येत नव्हता म्हणून बया दुप्पट शाम्पू ओतायची, आणि केस दुप्पट राठ व्हायचे. दहा दिवस असेच वाया गेले.

अकराव्या दिवशी मैनाबाईने हाक मारली. "पोरी, विहिरीवरून एक गुंड पाणी आण. वरण टाकाचं हाय."

घरी बोअर झाल्यापासून सात वर्षं हेच चाललं होतं. अंघोळ, कपडे, भांडी, सगळं बोअरच्या पाण्यावर. फक्त तुरीची डाळ त्या खाऱ्या पाण्यात काही केल्या शिजत नसे, म्हणून वरणापुरतं गोडं पाणी विहिरीवरून यायचं. सलोनीने रिकामा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, कमरेवर घेतला आणि अंगणातच थबकली.

"मोठी आई, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यानं आपण डोस्कं काहून धुऊन राह्यलो?"

मैनाबाई डाळ निवडता निवडता थांबली. घरातल्या चार बायकांचे केस सात वर्षं गळत होते आणि तिने दोष दिला होता तो तेलाला, उन्हाला, सुनांच्या आळसाला.

"खरंच वो," ती पुटपुटली. मग स्वतःचाच राग येऊन म्हणाली, "पण डोस्क्यासाठी पाणी मी नाही भरणार. तूच आणजो."

सलोनीने आणलं. दिवसाआड तीन गुंड. विहिरीवरच्या बायांना आयताच विषय मिळाला. "काय वं, नवरीचं डोस्कं शिजवून राह्यली का?" त्या फिदीफिदी हसायच्या. सलोनी ऐकून घ्यायची आणि पाणी भरायची.

मैनाबाईने रिठा-शिकेकाई उकळून दिली. गोड्या पाण्यात असा फेस आला की सलोनी बघतच राहिली. जवसाचा रस या वेळी सहज निघून गेला आणि केस मऊ झाले. चुलीवरचं कढत पाणी तिने बंद केलं, केस सावलीत वाळवले, ओले असताना कंगव्याला हात लावला नाही.

साखरपुड्याच्या सकाळी बबिता आली आणि तिने आधी कात्री बाहेर काढली. बबिताने केसांत बोटं घातली, ती थेट टोकापर्यंत उतरली. तिने पुन्हा घातली. मग सलोनीला खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं.

"नागपूरले गेलती का तू? कोणतं सलून?"

"आमच्या विहिरीचं," मैनाबाई ठसक्यात म्हणाली.

कात्री पेटीत गेली. बबिताने अंबाडा घालायला घेतला, तर पिना घसरल्या. दुसऱ्यांदाही अंबाडा सुटला. तिसऱ्यांदा तिने हात टेकले.

"काकू, राहूनच नाही राह्यला. लय मऊ झाले हे."

"मंग मोकळेच राहू दे," मैनाबाई म्हणाली.

सलोनी मांडवात आली ती केस मोकळे सोडून, मान ताठ ठेवून. विहिरीवरच्या बाया पुढेच बसल्या होत्या, त्या माना वळवून वळवून तिचे केस बघू लागल्या. सलोनीला इतका आनंद झाला की अंगठी घालून घेताना तिने चुकून उजवा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर रांग लागली. त्या रांगेत सगळ्यांच्या पुढे, स्कूटीला दोन कॅन लटकवून, दारव्ह्याची बबिता उभी होती.