दुधी काच

आयुष्यभर लोकांचे चेहरे टिपून फोटोवाले काका विटले होते. मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका. त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पडदा झिजतोय. यावर उपाय नाही. जे बघायचंय ते बघून घ्या." काकांनी स्टुडिओ विकला आणि काकूंना म्हणाले, "आता फक्त डोंगर. त्यांना 'हलू नका' म्हणावं लागत नाही."

डोंगरासाठी त्यांना मोठ्या फिल्मचा घडीचा कॅमेरा हवा होता. पुढे भिंग, मध्ये भाता, मागे दुधी काच. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि काचेवर उलटं पडलेलं जग न्याहाळायचं.

पण कॅमेरा पसंत पडेल तर शपथ! धातूचा होता तो जड. चढणीवर जीव काढला असता. लाकडाचा हलका, पण काच जराशी मंद. त्यानंतरचा आणखी मंद. दुकानदार बिचारा कुठून कुठून कॅमेरे मागवायचा आणि काका नाक मुरडायचे, "हल्ली काचा धड बनवतच नाहीत." असं करता करता दोन वर्षं गेली.

आज काकूही सोबत आल्या होत्या. दुकानदाराने नवाकोरा कॅमेरा तिपाईवर चढवला आणि त्याचं तोंड रस्त्यापलीकडच्या झाडाकडे केलं. "यातही खोट काढलीत, तर मी हात टेकले."

काका फडक्याखाली शिरले. काचेवर धुकं, त्यात एक काळपट डाग. त्यांनी भाता पुढे सरकवला, मागे घेतला. डाग तसाच.

"ही तर सगळ्यांत मंद," ते बाहेर येत म्हणाले.

"असं कसं होईल? काकू, तुम्ही बघा बरं."

कॅमेऱ्यातलं काकूंना ओ की ठो कळत नव्हतं. फडक्याखालून त्यांचा आवाज आला, "अगंबाई, झाड उलटं! आणि किती लख्ख हो! पानन् पान दिसतंय. मागच्या खिडकीतली बाई केस विंचरतेय, तिचा कंगवासुद्धा दिसतोय!"

काकांच्या आता लक्षात आलं. एकही काच मंद नव्हती. पहिलाच कॅमेरा उचलून निघाले असते, तर एव्हाना कितीतरी डोंगर बघून झाले असते.

काकू हसत बाहेर आल्या. नवऱ्याचा चेहरा दिसताच त्यांचं हसू मावळलं.

"तशी मंदच आहे हो," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे."

लग्न झाल्यापासून काकूंनी त्यांचं कुठलंही म्हणणं वाद घातल्याशिवाय मान्य केलं नव्हतं.

दुकानदार भाता मिटू लागला.

"दुसरीकडे बघू," काकू म्हणाल्या. "डोंगर कुठे पळून जातायत?"

काका निघाले. दाराशी पायरी होती; ती कुठे संपते ते त्यांना नीट दिसेना. त्यांनी काकूंचा हात धरला.