रिपोर्टातली माती

"मामंजी, माती तपासायला चाललीय, लग्नाला नाही!" सून बांधावरून ओरडली.

म्हाताऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माती तपासणाऱ्या बाईंनी सगळ्या गावाला बजावलं होतं, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र करा, मग पिशवी भरा. आणि हा बाबा जुन्या उकिरड्यावर उकिडवा बसून काळीभोर, भुसभुशीत माती ओंजळीने भरत होता. खडा दिसला की वेचून फेकत होता.

"ही जागा सोडून घ्यायला सांगितलीय."

"म्हणजे चार लोकांत आपल्या मातीची लाज काढू?"

सून तोंड फिरवून हसली.

रिपोर्ट आला. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश तर विचारूच नका. खाली शेरा, वरून खत देण्याची गरज नाही. म्हाताऱ्याने तो कागद चहाच्या टपरीवर इतक्यांदा वाचून दाखवला की टपरीवाल्याला पाठ झाला. मग घरी येऊन दाराशेजारी खळ लावून चिकटवला.

इकडे मका गुडघ्याएवढा होऊन थांबला. खालची पानं टोकापासून पिवळी पडू लागली. खत आणावं तर वाट टपरीवरून. पोतं घेऊन जाताना दिसला असता, तर गावाने त्याला जन्मभर सुखाने चहा पिऊ दिला नसता. तो रोज बांधावर जायचा, पडल्या तोंडाने परत यायचा. सुनेला आधी मजा वाटली, मग जीव तुटायला लागला. घरचं वर्षाचं धान्य त्याच मक्यावर होतं, आणि खुरपून खुरपून पाठ तिचीही मोडली होती.

एका सकाळी तिने त्याच्यापुढे पाटी-फावडं आणून टाकलं.

"मामंजी, तुमचा रिपोर्ट खोटा आहे का?"

"कोण म्हणतं?"

"मग जिथली माती एवढी चांगली, तिथली उचलून बाकीच्या रानात टाकू. आपलीच माती, आपलंच रान. खत कुठे टाकतोय आपण?"

म्हातारा फावडं उचलायला वाकला. मग मिशीतल्या मिशीत हसला. "तू माझ्याहून बेरकी निघालीस गं."

चार दिवस दोघांनी उकिरडा उपसला, मक्याच्या बुडाशी टाकला, वरून पाणी सोडलं. शेजारी बांधावर येऊन उभा राहिला.

"काय वाहताय एवढं?"

"रिपोर्टातली माती," म्हातारा मान वर न करता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारी पाटी घेऊनच हजर. "दोन पाट्या आम्हालाही द्या की!"

म्हातारा फुशारून द्यायला निघालाच होता. सुनेने फावडं आडवं धरलं. "तुमच्या उकिरड्याखालची तपासून आणा, काका. तीही अशीच निघेल."

उशिरा का होईना, मका हिरवा झाला. दाणाही घरापुरता आला.

पुढच्या हंगामात सून शेतभर नागमोडी फिरली. म्हातारा मागून मुकाट्याने घमेलं घेऊन चालला. रिपोर्टात नत्र कमी निघालं.

"हाही लावू का भिंतीवर?" तिने विचारलं.

"पेटीत ठेव," म्हातारा म्हणाला. "खत ह्याच्याप्रमाणे टाकू. भिंतीवरचा राहू दे, पाहुण्यांना वाचायला."