तिरक्या ओठाचा लाकडी मासा

माझ्या डाव्या डोळ्यामागे रंगाला एक भेग आहे, केसाएवढी बारीक. आधी ती कल्ल्यापाशी संपत असे. आता पोटापर्यंत उतरली आहे. नवल म्हणजे ती कोणत्याही माशाच्या दातांनी पडलेली नाही.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी मासा आहे, बास माशाला फसवण्यासाठी दोऱ्याला बांधतात तसला. अमेरिकेत, टेनेसीतल्या एका तळ्याकाठी ऑर्विलने मला देवदाराच्या तुकड्यातून कोरले. त्याच्या बायकोने, वेल्माने, मला रंगवले. पाठ राखाडी, कुशी चंदेरी, कल्ल्यामागे एक काळा ठिपका. अगदी शॅडसारखा. शॅड म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे. पानगळीत पाणी गार होऊ लागले की त्यांचे थवे ओढ्यांच्या मुखात शिरतात आणि बास त्यांचा पाठलाग करतात. म्हणून या दिवसांत आमिष निवडताना आमच्याकडे आधी शॅड केवढा आहे ते पाहतात.

मला बुडी मारता यावी म्हणून ऑर्विलने हनुवटीखाली पत्र्याचा ओठ बसवला. तेव्हा त्याचा हात जरासा हलला.

"अरे, हा तिरका पोहतोय!" वेल्मा हसली. "शनिवारी रात्री तू घरी येतोस ना, अगदी तसा!"

"उद्या सरळ करतो गं."

पण त्याआधीच एका मोठ्या बासने मला गिळायला झडप घातली. तिरका पोहणारा मासा त्याला जखमी वाटला असावा. त्यानंतर माझ्या ओठाला कोणी हात लावला नाही.

किती पानगळी आम्ही तिघे एकत्र होतो! होडीत गरम कॉफीचा वास असे, पाण्यावर मेपलची लाल पाने. तळ्याकाठच्या दुकानात लोक मला विकत मागत. ऑर्विल नकारार्थी मान हलवी.

ऑर्विल गेला आणि वेल्माने मला आमिषांच्या पेटीत, त्याच्या शर्टाच्या तुकड्यावर ठेवले. दर पानगळीत ती नणंदेबरोबर, आयव्हाबरोबर, होडी काढी. पेटी उघडून माझ्यावरून अंगठा फिरवी आणि दुसरेच आमिष उचली. पाण्याखाली झाडांची खोडे आहेत. मी अडकलो, दोरा तुटला, तर ऑर्विलच्या हातचे काहीच उरणार नाही, ही तिची भीती.

पेटीतल्या उन्हाळ्यांत माझे लाकूड आक्रसले. पोटाखालचे गळ गंजले.

आज सकाळी ओढ्याच्या मुखाशी शॅडच्या थव्यांनी पाणी नुसते उसळत होते. वेल्माची चकचकीत नवी आमिषे रिकामीच परत येत होती. अखेर आयव्हाला एक लहान बास लागला आणि त्याने होडीतच एक शॅड ओकला. आयव्हाने तो माझ्याशेजारी ठेवला. लांबी तंतोतंत तीच.

"वहिनी, हा मासा आहे की लग्नातली अंगठी? नुसती पुसून ठेवतेस!"

वेल्माने मला उचलले. तिचा अंगठा भेगेवर थांबला.

"ही कधी पडली? मी तर याला पाण्यातसुद्धा घातलं नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाच्या हातची एखादी वस्तू जपून ठेवलेली असेल. तिला अधूनमधून तिचे काम करू द्या. हरवण्याची भीती मलाही आहे. पण पेटीत मी पोहणे विसरत चाललो होतो.

 वेल्माने दोऱ्याच्या टोकाचे नवे आमिष कापून टाकले.

"आयव्हा, नवे गळ काढ. आज मी ऑर्विलचा मासा टाकणार."