बाकावरचा टॉलिव्हर

डेल्मर ट्वेटने उभं आयुष्य गारपिटीचे पंचनामे करण्यात घालवलं. विमा कंपनीची गाडी बांधावर लावून तो मक्याच्या शेतात शिरायचा, झोडपलेली चार ताटं हातात धरून निरखायचा आणि शेतमालकाला सांगायचा, की नुकसान तुला वाटतं तेवढं नाही. मालक मान हलवायचा. विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात कुणी भांडत नाही. फारच झालं तर ‘वेगळंच आहे हं’ म्हणतात आणि पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतात.

असा तोलून मापून चालणारा माणूस फँटसी लीगमध्ये तळाला गेला, तो एका माणसाला वर्षभर बाकावर बसवून ठेवल्यामुळे.

लीग बारा जणांची, हातात चेंडू घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलची. सगळे बेथानी ल्युथरन चर्चचे, किंवा तिथल्या कुणाचे तरी मेहुणे. ऑगस्टच्या शेवटी नॉर्ब कुबियाकच्या तळघरात बसून सगळ्यांनी आळीपाळीने खरेखुरे खेळाडू आपापल्या कागदी संघात घ्यायचे. मग खेळाडूंनी दर रविवारी मैदानात हाडं मोडून घ्यायची आणि त्यांच्या झेलांचे, धावांचे गुण इकडे सोफ्यावर चीज खात बसलेल्यांच्या खात्यात पडायचे. पहिल्या आलेल्याला काय मिळतं, ते कुणालाच नीट आठवत नाही. शेवटच्याला काय मिळतं, ते मात्र गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या घरासमोरच्या हिरवळीवर गुलाबी रंग दिलेला कमोड बसतो आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत हलत नाही. गेल्या वर्षी शेवटचे आले पास्टर लिंडाल. चर्चच्या बंगल्यासमोर बारा महिने तो कमोड उभा होता. ईस्टरला त्यात कुणीतरी लिली लावून गेलं. पास्टरांनी त्यावर एक प्रवचनही केलं, विनम्रता या विषयावर. ते बरं झालं होतं असं म्हणतात.

डेल्मरचं दुर्दैव ऑगस्टमध्येच सुरू झालं. खेळाडू निवडायला प्रत्येकाला दीड मिनिट असतं. डेल्मरची पाळी आली तेव्हा तो नॉर्बच्या संडासात होता. मुदत संपली आणि यंत्राने आपल्या बुद्धीने त्याच्या नावावर उरलेल्यांतला सर्वांत चांगला रिसीव्हर, म्हणजे लांब पळत जाऊन पास झेलणारा गडी, टाकून दिला. ओमार टॉलिव्हर. गडी खरोखरच उत्तम. वांधा एवढाच, की तो शिकागोच्या संघाचा.

आमच्या गावात मूल बाप्तिस्म्याआधी ग्रीन बेच्या संघाचं असतं. शिकागोशी वैर का आहे, असं कुणी विचारत नाही. जानेवारीत थंडी का पडते, असंही कुणी विचारत नाही.

डेल्मरने टॉलिव्हर दुसऱ्याला द्यायचा प्रयत्न केला. अकरा घरी विचारलं. नॉर्ब म्हणाला, “फुकट दिलास तरी नको रे. घरात डॉटी आहे, नातवंडं येतात.” सोडून द्यावा, तर डेल्मरचा हात धजेना. हा माणूस पावाच्या पिशवीला बांधलेली तार जपून ठेवणारा. मग त्याने तो ठेवला, पण बाकावर. दर आठवड्याला टॉलिव्हर शतकभराचं वैर विसरून ढिगाने गुण मिळवायचा आणि ते गुण बाकावरच सडायचे. बाकावरच्या माणसाचे गुण धरत नाहीत.

ऑक्टोबरात ग्रीन बेशी गाठ पडली तेव्हा त्याच टॉलिव्हरच्या हातात आलेला चेंडू सुटला. गाव त्या सुटलेल्या झेलावर महिनाभर जगलं. “डेल, तू बांधून ठेवलायस म्हणूनच,” हार्डवेअरच्या दुकानातल्या मर्लने सांगितलं. “सोडू नकोस त्याला.” डेल्मर कधी अंधश्रद्ध नव्हता. पण आपल्यामुळे काही चांगलं झालं असं म्हणणारं माणूस त्याला नोकरीत एकदाही भेटलं नव्हतं. त्याने टॉलिव्हर आणखी घट्ट बांधला.

अशा रीतीने डिसेंबर उजाडला आणि शेवटच्या दोघांची लढत लागली. एका बाजूला डेल्मर, दुसऱ्या बाजूला नॉर्ब. त्यात नॉर्ब त्याचा होणारा व्याही. डेल्मरच्या ब्रिटाचं नॉर्बच्या थोरल्याशी जूनमध्ये लग्न ठरलं होतं, आणि तेही डेल्मरच्याच घरासमोरच्या हिरवळीवर, जुन्या मेपलच्या झाडाखाली. हरला असता तर लग्नाला कमोड हजर राहिला असता.

शनिवारी सकाळी ब्रिटाचा फोन आला. “बाबा, फोटोवालीला मी सांगितलंय, मागे फक्त मेपल दिसायला हवा.”

“मेपल आहे ना.”

“आणि बाकी काही नाही ना?”

“अजून तरी नाही,” डेल्मर म्हणाला.

फोन ठेवल्यावर आर्लिसने नवऱ्यापुढे कॉफी आदळली. आर्लिस कॉफी कधी आदळत नाही.

“कोणकोण आहेत तुझ्याकडे?”

“दोन जागा आहेत. एकीवर प्रुइट. अ‍ॅरिझोनाचा. दर आठवड्याला चार झेल घेतो. ना पाच, ना तीन.”

“तुझ्यासारखाच. आणि दुसरीवर?”

“हेन्ली. त्याच्या मांडीमागची शीर ओढली गेलीय. कोच म्हणतो, रविवारी बघू.”

“आणि शिकागोवाला?”

“त्याचा सामना उद्या आपल्याशीच आहे, आर्लिस.”

“मला माहितीय कुणाशी आहे. माझ्या पोरीचं लग्न कुणाशी आहे तेही माहितीय. एक भाड्याचा तंबू, दीडशे पाहुणे, माझी मिनेसोटाची बहीण आणि मध्ये संडास. बघ बाबा तुझं तू.”

“हेन्ली खेळेल,” डेल्मर म्हणाला. गारांनी सपाट झालेल्या शेताकडे बघून ‘उभं राहील पीक’ म्हणायचा, तोच सूर.

फुटबॉलच्या मोसमात बेथानी ल्युथरनची उपासना लवकर उरकते. प्रवचनही आखूड असतं. यात कुणाला गैर वाटत नाही, कारण बिशपही ग्रीन बेचेच. कोण खेळणार नाही याची यादी बाहेर पडते ती नेमकी दुसऱ्या भजनाच्या सुमाराला. डेल्मरने फोन भजनाच्या पुस्तकात धरला होता. आजूबाजूची बरीच पुस्तकं त्या दिवशी जरा जाडच दिसत होती.

हेन्ली खेळणार नव्हता.

डेल्मरने मोकळ्या खेळाडूंची यादी उघडली. बारा जणांनी ओरबाडून नेल्यावर जे उरतं ते उरलं होतं. एकाने मोसमभरात दोनच झेल घेतले होते, त्यातला एक दंडामुळे रद्द. दुसरा तर ऑक्टोबरात निवृत्त झाला होता. यादीतून त्याचं नाव काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याच वेळी पास्टर ‘आम्हांस मोहात पडू देऊ नको’ पर्यंत पोचले. डेल्मरने पुस्तकात अंगठा दाबला. हेन्ली खाली गेला, टॉलिव्हर वर आला. मग त्याने सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं.

दारात हात मिळवताना पास्टर हळूच म्हणाले, “हेन्लीचं वाईट झालं, डेल. काय ठरवलंस?”

“प्रार्थनेत होतो मी,” डेल्मर म्हणाला. हे खोटं नव्हतं.

दुपारी बाराला नॉर्बच्या तळघरात सगळे जमले. हिरवे-पिवळे स्वेटर, बिअरमध्ये उकडलेले सॉसेज, तळलेलं चीज. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. मागे एकदा मर्लचा भाचा चुकून पास्टरांच्या खुर्चीत बसला आणि ग्रीन बेने तीन वेळा चेंडू गमावला, तेव्हापासून तो दारातच उभा असतो. सामना सुरू झाला की दोन्ही संघ सगळ्यांच्या फोनवर उघडे पडतात. नॉर्बने चष्मा वर सरकवला, फोन बघितला, चष्मा खाली घेतला.

“डेल,” तो म्हणाला, “यंत्राची काही चूक झालीय का रे? तुझ्याकडे टॉलिव्हर वर दिसतोय.”

“नाही. हेन्लीची शीर.”

“हो हो. शीर.” नॉर्बने चिजाची थाळी पुढे केली. “वेगळंच आहे हं.”

खोलीतल्या बाकीच्यांनीही फोन बघितले. मर्लने आपली खुर्ची डेल्मरपासून बोटभर लांब सरकवली. पाय आखडला होता म्हणे.

तीन तास डेल्मरला आपण कुणाच्या बाजूला आहोत ते कळलं नाही. ग्रीन बेने गुण केले की तो टाळ्या वाजवायचा. टॉलिव्हरने झेल घेतला की सगळे हळहळायचे, आणि डेल्मर हळहळताना फोनही बघायचा. हे दोन्ही एका चेहऱ्यावर बसवणं सोपं नसतं. शेवटचं मिनिट आलं तेव्हा इतर सामने आटपले होते. नॉर्बचे सगळे गडी खेळून झाले होते. डेल्मर सात गुणांनी मागे होता आणि त्याचा एकच माणूस मैदानात उरला होता. ग्रीन बे चार गुणांनी पुढे होतं. चेंडू शिकागोचा, गोलरेषेपासून वीस यार्डांवर, आणि वेळ एका डावापुरता. गोलरेषेपलीकडे टॉलिव्हरचा एक झेल, की शिकागो जिंकणार आणि डेल्मरही.

शिकागोने चेंडू अपेक्षेप्रमाणे कोपऱ्यात फेकला. टॉलिव्हर दोघांच्या मधून उडाला, त्याने चेंडू झेलला आणि दोन्ही पायांची टोकं बाजूच्या रेषेच्या आत टेकवून तो बाहेर पडला.

तळघरात कुणी हललं नाही. आणि त्या शांततेत डेल्मरच्या तोंडून एक आवाज निघाला. ओरडला नाही तो. शब्दही नव्हता. बूट काढल्यावर माणूस करतो तसला, सुटल्याचा, “हं.”

पंचांनी झेल पुन्हा पुन्हा बघितला. पास्टरांनी डोळे मिटले होते. झेल खरा ठरला. ग्रीन बे हरलं, डेल्मर दोन गुणांनी जिंकला.

नॉर्ब उठला, त्याने हात पुढे केला. “चांगला निवडलास, डेल.”

“हेन्लीची शीर नसती तर...”

“हो ना.”

निघताना नॉर्बच्या बायकोने, डॉटीने, त्याला उरलेलं चीज बांधून दिलं नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. आर्लिस घरी वाट बघत होती. “सुटलो ना?” तिने विचारलं. तो म्हणाला, “सुटलो,” आणि कोट न काढता खुर्चीत बसला.

सोमवारी दिवसभर त्याला कुणी टोचून बोललं नाही. मर्लने बर्फावर टाकायचं मीठ नेहमीसारखंच मोजून दिलं, फक्त हवेबद्दल बोलला नाही. विस्कॉन्सिनमध्ये डिसेंबरात हवेबद्दल न बोलणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. पोस्टाच्या रांगेत एक बाई दुसरीला सांगत होती, “तोच. ‘हं’ म्हणाला तो.”

मंगळवारी सकाळी नॉर्बचा पिकअप दारात थांबला. मागे दोऱ्यांनी जखडलेला गुलाबी कमोड. पास्टरांच्या बंगल्यावरून उचलून तो स्वतःच्या घरी न्यायला निघाला होता.

“थांबायचं नव्हतं,” नॉर्ब म्हणाला. “रस्ता निसरडा आहे.”

“कॉफी घे.”

“अर्धाच कप.”

तीन कप झाले. हरणांच्या शिकारीबद्दल बोलणं झालं, नॉर्बच्या गुडघ्याबद्दल झालं, लग्नात बटाट्याचं सॅलड कुणी करायचं यावरही झालं. खिडकीबाहेर गुलाबी कमोड उभा होता आणि दोघंही फार मनापासून दुसरीकडे बघत होते. मग नॉर्बने मांड्यांवर थाप मारली, “चला, निघतो,” म्हणाला, आणि निघायला लागतो तेवढा वेळ लागला. दारात थोडा, पायरीवर थोडा, गाडीपाशी थोडा.

“डॉटी काय म्हणतेय?” डेल्मरने विचारलं.

“काही म्हणत नाही.”

“अच्छा. म्हणजे इतकं?”

“तुझ्यावर नाही रे राग. हरलो तो मीच. नियम म्हणजे नियम.”

डेल्मरने पिकअपला एक फेरी मारली. कमोडच्या काठावर बर्फ साचला होता, तो त्याने बोटाने काढला. एका बाजूला टवका उडाला होता. जुनी सवय, तो वाकून टवका बघत राहिला.

“नुकसान किती धरतोस?” नॉर्बने विचारलं.

“वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आहे,” डेल्मर म्हणाला. “उतरव.”

“डेल, तू जिंकलायस. जून आहे पुढे.”

“मला माहितीय जून कधी येतो. तू त्या बाजूने धर.”

“आर्लिस मला जिवंत ठेवायची नाही.”

“तुला नाही. मला. धर.”

दोघांनी धरला. म्हाताऱ्या कमरांना वजन झेपत नव्हतं. पाच पावलं चालायचे, टेकवायचे, वाफ सोडायचे. पलीकडच्या घरातला पडदा बाजूला झाला. रस्त्यावरून मर्लची गाडी जात होती, ती मंदावली. मर्लने काच खाली केली आणि म्हणाला, “डेल, गुरुवारी आणखी बर्फ आहे म्हणतात. ढीगभर.”

“अस्सं?” डेल्मर म्हणाला. इतकं बरं त्याला रविवारपासून वाटलं नव्हतं.

मेपलखाली दोघं पोचले तेवढ्यात घराचं दार उघडलं. आर्लिस बूट चढवून, कोटाची बटणं न लावता पायरीवर आली. तिने आधी कमोडकडे बघितलं, मग होणाऱ्या व्याह्याकडे, मग नवऱ्याकडे. बराच वेळ बघितलं. नॉर्बने टोपी काढली.

“तिथं नको,” ती म्हणाली. “तिथं तंबूचा खांब येणार आहे. डावीकडं घ्या.”

दोघांनी तो डावीकडे घेतला.