आवाजाची धार

सेटमध्ये काही बिघाड नाही, असं सिकंदर मिस्त्रीनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा चिमणाबाईनं पुढं होऊन टेप बंद केला.

"मग हे टोचतंय काय, मिस्त्री?" तिनं विचारलं. "सु, शी, चा म्हनला की कानात काटा गेल्यागत हुतंय. माझ्या लेकाचा आवाज असा न्हाय."

सिकंदर पुन्हा स्पीकरच्या पेटीसमोर उकिडवा बसला. सेट जपानी, नवा कोरा. चिमणाबाईचा मुलगा जोतीराम तीन वर्षांमागं मस्कतला क्रेनचा फिटर म्हणून गेला होता, त्यानं सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर तो पाठवलेला. चिमणाबाईला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून जोतीराम पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. इतके दिवस ती शेजाऱ्यांच्या छोट्या टेपवर पोराचं बोलणं ऐकायची आणि चार दिवस खुशीत असायची. हा सेट आल्यापासून तिचं बिनसलं होतं. एवढ्यातच आलेली कॅसेट तर तिनं एकदा ऐकून कपाटात ठेवून दिली होती. पोरगं आपल्यावर चिडलंय, अशी तिची समजूत झाली होती, आणि ते सेटमुळं वाटतंय की खरंच आहे, हे तिला कळत नव्हतं.

सिकंदरला जे ऐकू येत होतं ते चांगलं, भरदार, मऊ होतं. त्यानं तसं सांगितलं. चिमणाबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "तुमास्नी ऐकू येत न्हाय काय?"

तीस वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. गंगावेशीतल्या त्याच्या दुकानात लोक यायचे ते त्याच्या कानासाठी. रेडिओ सुरू केला की सिकंदर मान तिरकी करायचा आणि मीटर लावायच्या आधीच आतला कुठला व्हॉल्व्ह गेला ते सांगायचा. आजऱ्यापासून शिरोळपर्यंतचे दुकानदार अडलेला सेट त्याच्याकडं पाठवायचे. त्यानं हत्यारं पिशवीत भरली, दुसरा मिस्त्री बघा म्हणाला आणि दिलेला चहा तसाच ठेवून निघाला.

दुकानात आल्यावरही त्याचं डोकं शांत होईना. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, असं तो स्वतःशी दोनतीनदा म्हणाला. पण म्हणून झाल्यावर त्यानं फळीवरचा सिग्नल जनरेटर खाली काढला. बटण फिरवावं तसा जाड आवाजापासून बारीक शिट्टीपर्यंत कुठलाही सूर त्यातून निघायचा. तो एका स्पीकरला जोडून सिकंदर बटण हळूहळू पुढं नेऊ लागला. सेकंदाला पाचशे कंपनं, हजार, दोन हजार. शिट्टी बारीक होत गेली. चार हजाराच्या जरा पुढं ती एकाएकी थांबली.

वायर सुटली असेल म्हणून त्यानं वायर बघितली. ती घट्ट होती. मीटर लावला तर काटा हालत होता. त्यानं स्पीकर बदलला, बटण सात हजारांवर नेलं, आवाज वाढवला. दुकान शांत होतं.

इतक्यात त्याची बायको हुसेनबी दुपारचा डबा घेऊन आली. उंबऱ्यातच तिनं डबा खाली टेकवला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बंद करा की ते," ती म्हणाली. "कानात सुई घालतंय कोन असं वाटाय लागलंय."

सिकंदरनं बटण बंद केलं. मग तिला बाकड्यावर बसवलं आणि पुन्हा सुरू केलं. ऐकू येतंय तोवर बोट वर धर, म्हणाला. हुसेनबीला हा काय खेळ ते कळेना, पण तिनं बोट वर धरलं. काटा हालत राहिला, बोट वरच राहिलं, आणि सिकंदर त्या बोटाकडं बघत राहिला.

तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, गेली दोन वर्षं कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही, मला वाटायचं तुमचं लक्ष नसतं. सिकंदरनं डबा उघडला, पण एका भाकरीच्या पुढं गेला नाही. लग्नांत आणि निवडणुकांत त्यानं शेकड्यांनी कर्णे बांधले होते, आणि प्रत्येक कर्ण्याला कान लावून तपासलं होतं. बारीक आवाज त्या कर्ण्यांनी केव्हा नेला याचा त्याला पत्ताही लागला नव्हता.

दोन दिवस त्यानं नवीन काम घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मंगळवार पेठेत चिमणाबाईच्या दारात उभा राहिला. येताना वाटेत त्यानं बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"आक्का, तुमचं खरं हाय. मला त्यो बारीक आवाज ऐकूच येत न्हाय. तुमी ऐका, मी हात चालवतो."

चिमणाबाईनं आत या म्हटलं आणि त्याच्यासाठी पाट मांडला.

कामाला कुठली कॅसेट लावायची ते त्यानंच ठरवलं. मस्कतहून आलेली पहिली, तीन वर्षांपूर्वीची. त्या वेळचा जोतीराम चिमणाबाईच्या कानात पक्का होता. तिनं कॅसेट लावली. म्हशीनं दूध किती दिलं, कोंबडीनं पिल्लं काढली का, असं पोरगं विचारत होतं. चिमणाबाईचं तोंड आंबट झालं.

सिकंदरनं खोलीकडं प्रथमच नीट बघितलं. जोतीरामच्या पैशातून मातीचं घर पाडून स्लॅबची खोली बांधली होती. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती, समोर काचेचं शोकेस, लोखंडी कपाट. टाळी वाजवली तर तिचा आवाज खोलीभर उड्या मारत होता. जुन्या घराच्या शेणानं सारवलेल्या भुईनं आणि मातीच्या भिंतींनी आवाज पिऊन टाकला असता. इथं तो नुसता आपटत होता.

जुनी लुगडी शिवून केलेल्या गोधड्या चिमणाबाईकडं ट्रंकभर होत्या. त्यातल्या दोन सिकंदरनं समोरच्या भिंतीवर खिळे मारून टांगल्या. फरशीवर सतरंजी अंथरली. शोकेसच्या काचेवर लुगडं सोडलं. चिमणाबाई म्हणाली, थोडं कमी झालं. मग स्पीकरच्या पेट्या भिंतीपासून दोन हात पुढं ओढल्या, तिच्या तोंडावर रोखलेल्या होत्या त्या जरा बाहेर वळवल्या. आणखी थोडं कमी झालं. सेटवरचं टोनचं बटण फिरवून बारीक आवाज सगळाच दाबता आला असता, पण ते तिनं आधीच करून बघितलं होतं. पोरगं घोंगडं पांघरून बोलतंय असं वाटतं, म्हणाली.

शेवटी त्यानं पेट्या उघडल्या. बारीक आवाज काढणाऱ्या वाटीएवढ्या स्पीकरच्या वायरीत त्याचा जोर कमी करणारा एक छोटा रेझिस्टन्स जोडला. ती नाही म्हणून मान हलवायची, सिकंदर तो काढून दुसरा लावायचा. अर्धा दिवस गेला. सिकंदरला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज ऐकू येत होता. तो कॅसेट ऐकतच नव्हता, चिमणाबाईचं कपाळ बघत होता. पाचव्या रेझिस्टन्सला तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. जोतीराम शेंगदाण्याच्या चटणीविषयी बोलत होता आणि ती नकळत हसली.

"ह्यो," ती म्हणाली. "ह्यो माझा जोती."

सिकंदरनं पेट्यांचे स्क्रू पिळले आणि दोन्ही बाजूंना तेवढाच रेझिस्टन्स असल्याचं पुन्हा तपासलं. काम झालं होतं. पण चिमणाबाई कपाटापाशी गेली आणि एवढ्यात आलेली कॅसेट घेऊन आली. तिनं ती टेपमध्ये घातली.

जोतीराम बोलू लागला. पैशांचा ड्राफ्ट पाठवलाय, मिळाला की कळव. गुडघ्याचं औषध चुकवू नको. औंदाही दिवाळीला येणं जमेल असं दिसत नाही, मुकादम सोडत नाही. म्हशीचं त्यानं विचारलं नाही. कॅसेटची एक बाजूही भरली नव्हती.

चिमणाबाईनं टेप बंद केला. मग म्हणाली, "सेटचं जेवढं हुतं तेवढं तुमी काढलासा. आता जे टोचतंय ते त्येचंच हाय."

सिकंदर हत्यारं गोळा करत होता. त्याचा हात थांबला.

"मला तसं ऐकू आलं न्हाय, आक्का."

"तुमास्नी कसं येईल."

"त्ये खरं हाय. धार मला ऐकूच येत न्हाय. पर धारंखालचं येतंय." तो शब्द शोधत थांबला. "पोरगं चिडल्यालं न्हाय. दमलंय. बोलता बोलता श्वास घेतंय बघा, वझं उतरवून ठेवल्यागत. येत न्हाय म्हनताना त्येचा आवाज खाली गेला, पार तळाला. रागावल्याला मानूस खाली जात न्हाय."

खरं कोणाचं, तिच्या कानाचं की त्याच्या, हे सिकंदरलाही ठाऊक नव्हतं. पण आपल्याला जे ऐकू आलं ते त्यानं पदरचं न घालता सांगितलं होतं.

ती उठली आणि तिनं कॅसेट मागं फिरवली.

"बसा," ती म्हणाली. "कुठं खाली जातोय त्ये मला हातानं दावा."

सिकंदर पिशवी बाजूला ठेवून सतरंजीवर बसला. मस्कतचा आवाज पुन्हा सुरू झाला. सिकंदरनं डोळे मिटले, मान तिरकी केली आणि उजवा हात पुढं धरला. चिमणाबाई आता पेट्यांकडं बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडं बघत होती, आणि तो हात हळूहळू खाली येत होता.