एका खडखड्या कीबोर्डची शिफारस

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि स्वभावाने पक्का भित्रा आहे. चहाचा कप नुसता शेजारी टेकला तरी मला वाटतं, संपलं आता सगळं. माझा कारखाना कुठला, ते पाठीवर छापलं होतं, पण ते कधीच पुसलं गेलं. मला आठवतं ते थेट इंग्लंडातल्या लीड्समधल्या एका हॉस्पिटलचं ऑफिस आणि आसावरीची बोटं.

आसावरी तिथे एका वॉर्डातल्या नर्सेसच्या ड्युट्या लावायची. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा! कुणाला मुलं शाळेत सोडायची असतात, कुणाचा रोजा असतो, कुणाला पहाटे घरी जायला बस नसते. आसावरी प्रत्येकीला विचारायची आणि मग माझ्यावर तक्ता टाइप करायची. तिच्या हातात काम आल्यापासून त्या वॉर्डातल्या ऐनवेळच्या दांड्या जवळजवळ थांबल्या. शाबासकी मात्र मिळायची तिच्या साहेबांना, मिस्टर हॉलोवेंना. माणूस वाईट नव्हता हो. पण हातात आलेली शाबासकी कोण परत करतो?

पुढे ऑफिसातलं सामान बदललं. मी भंगाराच्या ढिगात पडलो होतो, तेव्हा आसावरीने रीतसर विचारून मला घरी आणलं. मग तिची जागाही रद्द झाली. तिने ठरवलं, आता स्वतःच म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या केअर होम्सच्या ड्युट्या लावून द्यायच्या. पण उन्हाळा संपेपर्यंत एकही काम मिळालं नाही, तर हे सगळं बंद करून मिळेल ती नोकरी धरायची. तिचं दुकान बंद झालं तर मला कोण सांभाळणार?

काम हवं तर लोकांना कळायला हवं. म्हणून ती लिंक्डइनवर लिहायला बसली. अरे देवा! तिथे हॉस्पिटलची मंडळी, नागपूरची मावसबहीण, नवऱ्याचे मित्र, सगळेच हजर. आपणच आपली आरती ओवाळू नये, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. शेवटी तिने लिहिलं, की मिस्टर हॉलोवे यांच्या मार्गदर्शनाखाली टीमने जे यश मिळवलं, त्यात माझा खारीचा वाटा आहे. इंग्रजीत चक्क खार आणली! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण हिने ती इतकी झाकली की आत काही आहे हेच कुणाला कळेना.

हॅरोगेटच्या एका केअर होमने ते वाचलं आणि विचारलं, "मिस्टर हॉलोवेंचा नंबर मिळेल का? आम्हाला असाच माणूस हवा होता." आसावरीने नंबर दिला. वर हसरा चेहराही जोडला.

"तू नंबर दिलास?" तिचा नवरा समर ओरडलाच.

"मागितला म्हणून दिला."

"अगं, म्हणजे काम त्याला गेलं ना!"

"तो सीनियर होता, समर. 'मी केलं' असं कसं लिहू? किती शो-ऑफ वाटतं ते."

त्यानंतर कुणाचाच मेसेज येईना. ती नोकरीच्या जाहिराती उघडायला लागली. एकदा समरला हळूच म्हणाली, "खरंच मला काही येत नसेल का रे?" मित्रांनो, चहा सांडण्यापेक्षाही मला त्या प्रश्नाची जास्त भीती वाटली.

ऑगस्ट संपत आला आणि कीथलीच्या एका केअर होमची मॅनेजर विचारती झाली, "काल रात्री आमच्याकडे अख्ख्या मजल्याला एकच कर्मचारी होता. तुमची पोस्ट वाचली, पण सॉरी, नीट कळलं नाही. तुम्ही नक्की काय करता?"

आसावरीने उत्तर लिहायला घेतलं. पुन्हा 'आमची टीम', पुन्हा 'थोडीफार मदत'. लिहायची आणि खोडायची. समर मागे उभा राहून बघत होता. त्याचा पारा चढला.

"आसा, ती बाई तुझी परीक्षा घेत नाहीये. तिकडे म्हातारी माणसं पलंगावरून हाका मारतायत, कुणी जायला नाही. आणि तू इथे नम्र होऊन बसलीयेस!"

तिने आधीचं सगळं खोडलं. मग तिने सरळ लिहिलं, "ड्युट्या मी लावते. आधी प्रत्येक कर्मचाऱ्याशी बोलते, त्यांच्या घरच्या अडचणी समजून घेते, मग तक्ता करते. माझ्या वॉर्डात ऐनवेळच्या दांड्या जवळजवळ थांबल्या. ते काम माझं होतं. तुमच्याकडेही मी ते करू शकते."

एन्टरवर बोट टेकलं, पण दाबेना. मला तर वाटलं, आता ही सगळं पुसणार. आणि तिने डोळे मिटून दाबलं.

मंगळवारी व्हिडिओ कॉल झाला. आसावरी टिपणं घेताना मी इतका खडखडलो की मॅनेजर म्हणाली, "तिकडे गारा पडतायत का?" सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम आसावरीला मिळालं, आणि त्याच आठवड्यात अजिबात आवाज न करणारा नवा कीबोर्ड घरात आला.

इथे नको असलेली वस्तू घरापुढच्या बुटक्या भिंतीवर ठेवतात. हवी त्याने न्यावी, नाहीतर ती कचऱ्यात जाते. माझीही तिथे रवानगी झाली. आसावरीने माझ्यावर कागद चिकटवला, "जुना आहे. चालला तर बघा. सॉरी." एका बाईंनी हात पुढे केला, कागद वाचला आणि हात मागे घेतला. माझा जीव खालीवर झाला.

आसावरीने ते खिडकीतून पाहिलं. ती घरातल्या चपलांवरच धावत आली आणि तो कागद तिने टराटरा फाडला. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "आवाज करतो, पण एकही बटण अडत नाही. अक्षरं पुसट आहेत, न बघता टाइप करणाऱ्याला उत्तम. माझा धंदा याच्यावर सुरू झाला." मग जरा थांबून म्हणाली, "हे खरंच आहे की." आणि आत गेली.

मित्रांनो, ज्या वस्तूने तुमचं काम केलं तिला जपा, आणि द्यायचीच झाली तर तिचे गुण सांगून द्या. माणसांच्या बाबतीतही तेच करा, त्यात तुम्ही स्वतःही आलात. मी अजून भिंतीवरच आहे आणि भीती काही गेलेली नाही. या रस्त्याने येणार असाल तर जरा लवकर या, थेंब पडायला लागलेत.